कवळाणे ते बडोदे : सहाशे किलोमीटरांचा हिशेब

आमच्या बागलाण-मालेगाव भागात एक गोष्ट प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते. कवळाण्याचे काशीराव गायकवाड आपल्या तीन मुलांना घेऊन सहाशे किलोमीटर पायी चालत बडोद्याला गेले. तिथे राजवाड्यात मुलांना विचारण्यात आले, ‘तू इथे कशाला आलास?’ मधला मुलगा गोपाळ न अडखळता म्हणाला, ‘राज्य करायला.’ तोच पुढे महाराजा सयाजीराव झाला. दर ११ मार्चला, महाराजांच्या जयंतीला, ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून सांगितली जाते आणि टाळ्या घेते.

गोपाळच्या उत्तराबद्दल मला काही म्हणायचे नाही. बारा वर्षांचे पोर काय बोलले, त्याला काय बोलायला शिकवले होते आणि ऐकणाऱ्यांनी नंतर काय लिहून ठेवले, हा वेगळा विषय आहे. मला कुतूहल आहे ते त्याआधीच्या वाक्याचे. सहाशे किलोमीटर आणि तेही पायी. मी नामपूरचा. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. धंदा सांभाळून उरलेल्या वेळात जुनी गॅझेटियरे वाचणे, नकाशे पसरणे आणि मोसम नदीच्या काठाने जाणाऱ्या जुन्या वाटांचा माग काढणे, हा गेल्या पंचवीस वर्षांचा नाद. वाटांचा नाद असलेल्या माणसाला एखाद्याने अंतर सांगितले की तो आधी मोजायला बसतो. तसाच मी बसलो.

चार बिऱ्हाडे, एक उन्हाळा

आधी काळाचा हिशेब. खंडेराव महाराज नोव्हेंबर १८७० मध्ये वारले. त्यांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि गादी खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांच्याकडे कायम झाली. मल्हाररावांचा कारभार आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी त्यांचे बिनसलेले संबंध हे सर्वज्ञात आहे. नोव्हेंबर १८७४ मध्ये फेअरवर विषप्रयोग झाल्याचा आरोप आला आणि १८७५ च्या आरंभी चौकशी आयोग बसला. आयोगात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी : ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रज सदस्यांनी दोषी धरले, हिंदी सदस्यांना पुरावा पटला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवण्यात आले. तिथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला.

जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि १६ जूनला नव्या महाराजांना गादीवर बसवण्यात आले. म्हणजे पदच्युती आणि दत्तविधान यांच्यामध्ये फार तर सहा-सात आठवडे गेले. एवढ्या अवधीत परवानगी, घराण्याच्या शाखांना निरोप, वंशावळींची तपासणी, मुलांचा प्रवास, त्यांची पाहणी, निवड आणि मुहूर्त हे सगळे उरकले गेले.

या एका उन्हाळ्यात बडोद्याभोवती चार बिऱ्हाडे हलली. मल्हारराव बडोद्याहून मद्रासला गेले. मल्हाररावांच्या राजवटीत पुण्यात राहिलेल्या जमनाबाई बडोद्याला परतल्या. इंदूरला होळकरांच्या चाकरीत असलेले सर टी. माधवराव दिवाण म्हणून बडोद्याला आले. हे माधवरावही मराठी घराण्यातलेच. तंजावरच्या मराठी राज्यासोबत दक्षिणेत गेलेल्या कुटुंबात, कुंभकोणमला त्यांचा जन्म झाला होता. त्रावणकोर, इंदूर, बडोदे अशी त्यांची दिवाणगिरीची वाट. आणि चौथे बिऱ्हाड कवळाण्याचे. त्यात काशीराव, मोठा आनंदराव (जन्म १८५७), मधला गोपाळराव (जन्म १८६३) आणि धाकटा संपतराव (जन्म १८६५).

पहिल्या तिघांच्या प्रवासामागे सरकार, खजिना, नोकरचाकर होते. चौथे बिऱ्हाड शेतावर जगणारे होते. गायकवाड घराण्याचे मूळ पुण्याजवळचे दावडी. कवळाण्याची शाखा संस्थापकांच्याच रक्ताची, पण सत्तेपासून पिढ्यानपिढ्या दूर पडलेली. म्हणूनच लोकांच्या स्मरणात या चौथ्या प्रवासाला पाय फुटले. राजघराण्यातली माणसे गाडीघोड्याने जातात, शेतकरी चालत जातो.

मोसमकाठची वाट

आता रस्त्याकडे वळू. कवळाणे, आमच्या बोलीत कौळाणे, हे मालेगाव तालुक्यातले गाव. सयाजीराव जन्मले तेव्हा, १८६३ मध्ये, हा तालुका खानदेश जिल्ह्यात होता. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा नव्याने आखला गेला तेव्हा नगरच्या तालुक्यांबरोबर खानदेशातले मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे तालुके त्याला जोडले गेले. त्यामुळे जागचे न हलता हे कुटुंब एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेले होते. घर सोडायची वेळ आली ती त्यानंतर सहा वर्षांनी.

इथून गुजरातेत पायी किंवा बैलगाडीने जायची जुनी वाट आमच्या दारावरून जाते. मालेगावाहून मोसमच्या काठाने वर चढत जायचे : नामपूर, जायखेडा, ताहाराबाद. नदी धरून तसेच पुढे गेले की मुल्हेर. वाट मात्र ताहाराबादेहून उत्तरेला वळून पिंपळनेरकडे आणि तिथून नवापुरात उतरते. नवापूरच्या पुढे सोनगड, व्यारा आणि मग सुरतेचा सपाट मुलूख. सुरतेहून भडोच, नर्मदा ओलांडली की बडोदे.

ही वाट आजची नाही. बागलाण हा सुरत आणि दख्खन यांच्यामधला दरवाजा होता. ‘ऐन-ए-अकबरी’त बागलाणाचा उल्लेख सुरत आणि नंदुरबार यांच्यामधला डोंगराळ मुलूख असाच येतो आणि तिथल्या किल्ल्यांमध्ये साल्हेर-मुल्हेर यांची नावे येतात. शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली ती ऑक्टोबर १६७० मध्ये. परतताना ते बागलाणातूनच आले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरत सोडलेली फौज लुटीच्या ओझ्यासह १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी लढत होती. म्हणजे सुरतेहून सह्याद्री चढून दख्खनच्या पठारावर यायला जड फौजेला बारा-तेरा दिवस पुरले. वाटेचा कस समजायला हा आकडा चांगला आहे.

आता अंतर. नकाशावर कवळाणे ते बडोदे सरळ रेघ ओढली तर ती अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते. डोंगर, घाट आणि नद्यांचे उतार धरून मोसमकाठच्या वाटेने मोजले तर साडेतीनशे ते चारशे. कितीही वळसे घेतले तरी या वाटेचे सहाशे होत नाहीत. बैलगाडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर कापते. बरोबर दहा वर्षांचे मूल असेल तर पायी चालणाराही यापेक्षा फार पुढे जात नाही. या हिशेबाने पंधरा ते वीस दिवस लागतात. त्यात वैशाख. उन्हाचा ताव टाळायला पहाटे निघायचे, दुपार झाडाखाली काढायची आणि तिन्हीसांजेला मुक्काम गाठायचा.

सहा-सात आठवड्यांच्या अवधीतून हे पंधरा-वीस दिवस काढा. त्याआधी बडोद्याचा निरोप कवळाण्याला पोचायला हवा, काशीरावांनी घरात विचार करायला हवा. त्यानंतर पाहणी आणि निवड व्हायला हवी. पायी जाणे अशक्य नाही, पण वेळ फार आवळून बसतो.

मग सहाशे आले कुठून?

या प्रश्नाचे उत्तर मला रेल्वेच्या वेळापत्रकात सापडले.

१८७५ मध्ये आमच्या भागातून बडोद्याला जायला दुसरा मार्ग तयार होता, आणि तो तयार होऊन दहा वर्षे झाली होती. जी.आय.पी. रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला आणि मनमाडहून मुंबईपर्यंत सलग गाडी धावू लागली. दुसरीकडे बी.बी.सी.आय. रेल्वे सुरतेहून बडोद्याला १८६१ मध्ये पोचली होती आणि १८६४ च्या अखेरीस ती दक्षिणेला मुंबईपर्यंत आली. म्हणजे मालेगाव तालुक्यातल्या माणसाने बैलगाडीने मनमाड गाठायचे, गाडीत बसून मुंबईला उतरायचे, तिथे दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसायचे आणि बडोद्याला उतरायचे. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणारी रेल्वे यायला अजून पंचवीस वर्षे होती. त्यामुळे बडोद्याला जायचे तर आधी उलट दिशेला, दक्षिणेला, समुद्रापर्यंत जावे लागे आणि मग पुन्हा उत्तरेला वळावे लागे.

हे अंतर मोजा. मनमाड ते मुंबई दोनशे साठ किलोमीटर. मुंबई ते बडोदे तीनशे नव्वद. दोन्ही मिळून साडेसहाशे. कवळाणे ते मनमाड ही गाडीवाट त्यात वेगळी.

म्हणजे लोककथेतला ‘सहाशे किलोमीटर’ हा आकडा पायवाटेला बसत नाही, आगगाडीच्या वळशाला मात्र जवळजवळ बसतो. माझे अनुमान असे : आकडा एका प्रवासाचा आणि पाय दुसऱ्या प्रवासाचे, असे या गोष्टीत एकमेकांना चिकटले आहेत. अंतर कुणीतरी रेल्वेच्या मार्गाने काढले, आणि गरिबीचे चित्र गडद करायला त्यावर चालणे चढवले. अनुमान म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण वेळ, अंतर आणि त्या काळी उपलब्ध असलेली साधने ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. ज्या सरकारला सहा-सात आठवड्यांत नवा राजा हवा होता, ते उमेदवार मुलांना भर वैशाखात डांगच्या कडेने तीन आठवडे चालत येऊ देईल, हेही पटायला जड जाते.

ओळखीची घरे

कुणी म्हणेल, पायी गेले काय आणि गाडीने गेले काय, फरक कशाने पडतो? फरक पडतो, आणि तो समजायला जुन्या प्रवासाची रीत ध्यानात घ्यावी लागते.

जुना रस्ता गावांनी नव्हे, घरांनी बनलेला असे. कुठे उतरायचे हे आधी ठरे आणि वाट नंतर. सोयऱ्याचे घर, ओळखीच्या पाटलाचा वाडा, जातभाईंची वस्ती, यांतले काहीच नसेल तर देवळाची ओसरी किंवा धर्मशाळा. एका मुक्कामाचा यजमान पुढच्या मुक्कामाला चिठ्ठी देई, कधी वाट दाखवायला गडी देई. दोन दिवसांसाठी थांबलेला पाहुणा आठ दिवस राही, कारण पुढची सोबत मिळायची असे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडूनही १८५९ मध्ये घरी परतले. १९०७ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये ही रीत पानोपानी दिसते. परक्या मुलुखात मराठी माणसांची घरे, आश्रय आणि ओळखी नसत्या तर त्यांची वाट पहिल्या काही मुक्कामांतच संपली असती.

मोसमकाठच्या वाटेने गायकवाडांचे बिऱ्हाड गेले असते तर त्यांनाही अशी घरे लागली असती. बागलाणात भाऊबंद आणि सोयरे, आणि नवापूरच्या पुढे तर थेट घराण्याचाच मुलूख. सोनगड हे गायकवाडांचे पहिले बळकट ठाणे. पिलाजीरावांनी अठराव्या शतकाच्या आरंभी ते घेतले आणि तिथूनच गुजरातेत पाय रोवले. सोनगड-व्यारा हा टापू १८७५ मध्येही बडोदे संस्थानातच होता. या वाटेने गेलेला गोपाळ आपल्या पूर्वजांच्या पावलांवरून, हळूहळू, माणसांच्या मधून राज्यात शिरला असता. बोली पायरीपायरीने बदलत गेली असती : मालेगाव-बागलाणची अहिराणी, मग पिंपळनेर-नवापूरकडची, मग सुरती गुजराती. घर मागे पडते आहे हे त्याला पंधरा दिवस रोज थोडे थोडे कळत गेले असते.

आगगाडी हे काही करू देत नाही. मनमाडला डब्यात बसलेले मूल एक-दोन दिवसांत मुंबई नावाचा समुद्र आणि गर्दी पाहून थेट राजवाड्यात उभे राहते. वाटेत उतारा नाही, यजमान नाही, ‘थांब, दोन दिवस राहून जा’ म्हणणारी मावशी नाही. माझ्या मते खरे धाडस या प्रवासात अधिक आहे. सहाशे किलोमीटर चालण्याचे कौतुक करताना आपण हे हरवतो की या मुलाला घरापासून तुटायला वेळच मिळाला नाही.

जे परत आले नाही

गोडसे भटजींच्या प्रवासाला परतीची वाट होती. कवळाण्याच्या बिऱ्हाडाला ती नव्हती. तीन मुले गेली, त्यांतले एक दत्तक गेले, पण हलले ते अख्खे घर. थोरला आनंदराव आणि धाकटा संपतराव यांचेही आयुष्य पुढे बडोद्याशी बांधले गेले. काशीराव १८७७ मध्ये वारले. मुलाला पूर्ण राज्याधिकार मिळाले ते २८ डिसेंबर १८८१ रोजी. ते पाहायला वडील नव्हते.

आणि आई? गोपाळची जन्मदाती उमाबाई. जयंतीच्या भाषणांत काशीराव येतात, जमनाबाई येतात, उमाबाईंचे नाव क्वचित येते. दत्तविधानाने मुलाचे नाव बदलले, बाप बदलला आणि शास्त्राच्या दृष्टीने आईही बदलली. घराणे एकच असल्याने आडनाव तेवढे तेच राहिले. मुलगा राजा झाला याचा आनंद त्या माउलीला झाला असणारच. पण ज्या क्षणी तो राजा झाला त्याच क्षणी तो कागदोपत्री तिचा राहिला नाही, हेही तितकेच खरे. पायी प्रवासाच्या कथेत सगळे श्रेय चालणाऱ्या पायांना मिळते. ज्यांनी मूल सोडले त्यांच्या वाट्याला काही येत नाही.

निवडीबद्दलही हेच. ‘राज्य करायला आलो’ या उत्तरामुळे असे वाटते की बडोद्याची गादी गोपाळने स्वतः चालत जाऊन मिळवली. प्रत्यक्षात बारा वर्षांच्या मुलाने काहीच ठरवले नव्हते. ठरवले ते सरकारने, जमनाबाईंनी आणि काशीरावांनी. मुलगा लहान असणे, खेड्यातला असणे, कुठल्याही दरबारी गटाशी बांधलेला नसणे हे त्या घडीला सोयीचे होते. त्याला हवे तसे घडवता येणार होते. घडवण्याचे काम लगेच सुरू झाले. १८७५ च्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट हे शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्याला शिकवल्या गेल्या. याच एलियटने पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बडोद्याचा खंड लिहिला. १८८३ मध्ये छापलेला तो खंड आजही त्या राज्याच्या इतिहासाचे पहिले साधन म्हणून उघडावा लागतो. शिष्याला राज्य मिळाले, गुरूने त्या राज्याचा इतिहास लिहिला.

सयाजीरावांचा मोठेपणा तिथून पुढे सुरू होतो, आणि तो त्यांचा स्वतःचा आहे. ज्याची अक्षरओळख बाराव्या वर्षापर्यंत खुंटली होती त्याने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्यात लागू केला. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून गावोगाव वाचनालये उभारण्याची व्यवस्था लावली. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कला पाठवले. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. अक्षरांपासून वंचित राहिलेल्या मुलाला अक्षरांची किंमत कळली होती, याला दंतकथेची जोड लागत नाही. सहाशे किलोमीटर कमी केले तरी या माणसाची उंची बोटभरही कमी होत नाही.

आजची वाट

मोसमकाठची वाट मात्र अजून चालू आहे, आणि तिच्यावरून बिऱ्हाडे अजूनही जातात. सुरतेच्या उधना, लिंबायत भागांत खानदेशी माणसांची वस्ती दाट आहे. यंत्रमाग आणि कापडाच्या धंद्याने धुळे-जळगाव-नंदुरबारची आणि आमच्या भागातली हजारो कुटुंबे तिकडे ओढून नेली. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी ऐकू येते. दुष्काळाच्या वर्षी, कांद्याचा भाव पडला की, पोराची कॉलेजची फी भरायची झाली की, एखादे घर टेम्पोत भांडी, गाद्या आणि पाण्याची टाकी टाकून ताहाराबादमार्गे नवापूरच्या घाटाला लागते. वाटेत पिंपळनेरला मावसभावाकडे जेवण, नवापूरला मेव्हण्याकडे रात्र, आणि सुरतेत गाववाल्याच्या खोलीत पहिला महिना. उताऱ्याची जुनी रीत या माणसांनी मोडलेली नाही, कारण ती मोडणे त्यांना परवडत नाही.

यांच्या प्रवासाला कुणी किलोमीटर जोडत नाही. त्यांच्या मुलांना दारात उभे करून ‘कशाला आलात?’ असे मात्र विचारले जाते : घरमालकाकडून, शाळेच्या खिडकीतून, शिधापत्रिकेच्या रांगेत. त्यांचे उत्तर ‘काम करायला’ एवढेच असते. आमच्या भागातून गुजरातेत गेलेल्या बिऱ्हाडांचा इतिहास लिहायचा झाला, तर कवळाण्याचे एक घर त्याचा आरंभ ठरेल. पण नंतर गेलेल्या त्या हजारो घरांना वगळून तो पुरा होणार नाही. ती माणसे अजून आहेत, त्यांच्या म्हाताऱ्यांना पहिला मुक्काम कुठे झाला हे आठवते आहे. ते विचारून लिहून ठेवण्याचे काम मी हाती घेतले आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी आठवण असेल तर त्यांनीही ती लिहून ठेवावी. गाव, साल आणि कुणाच्या घरी उतरलो एवढे लिहिले तरी पुरे.